चूक कुणाच्या नावावर

सेम्बावांग,
शनिवार, दुपार

प्रिय विकू,

तुझा मेसेज मंगळवारी मिळाला. ‘ताई, ऑक्टोबरचं जमत नाहीये गं, प्रोजेक्ट लांबलाय. बाबांना जरा सांभाळून सांग.’ खाली जोडलेले हात. आज शनिवार उजाडला, मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. तुला फोनच करणार होते, पण फोनवर तू पहिल्या मिनिटात मला हसवतोस आणि मला जे म्हणायचं असतं ते राहूनच जातं. लहानपणापासून तुझी ही युक्ती माझ्यावर हमखास चालते. म्हणून कागद घेऊन बसले आहे. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे, उजवा खांदा पुन्हा धरलाय.

इथलं सगळं बरं आहे, म्हणजे जसं असतं तसं. तुमची न्यू जर्सीतली संध्याकाळ ती आमची सकाळ, त्यामुळे बाबांचा दिवस बेसबॉलनेच उगवतो. सातच्या ठोक्याला आरामखुर्ची, चहा, दोन मारी बिस्किटं आणि बाल्टिमोर. आत्ताआत्तापर्यंत शेजारच्या टेबलावर माझा लॅपटॉप असायचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी मान डोलावत असते आणि एक कान बाबांच्या कॉमेंट्रीकडे. लोकांच्या घरी सकाळी भक्तिगीतं लागतात, आपल्याकडे हे. तरुणपणी बाल्टिमोरच्या धक्क्यावर बाबांचं जहाज इंजिन उघडून पडलं, करायला काही नव्हतं म्हणून ते स्टेडियममध्ये जाऊन बसले, आणि ते वेड आजतागायत आपल्या घरात नांदतंय. आई म्हणायची, इतर खलाशी बंदरातून काय काय घेऊन येतात, त्या मानाने हे परवडलं.

खेळाडूंची नावं त्यांना अजूनही धड घेता येत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी केली आहेत. तुमचा दोघांचा लाडका तो उंच फलंदाज, त्याचं नाव ‘दिवाळी’. असेल तेव्हा दिवाळी, नसेल तेव्हा शिमगा, त्यातला. लागला की दोन आठवडे रोज चेंडू प्रेक्षकांत, आणि मग महिनाभर बॅटला चेंडूचा वारासुद्धा लागत नाही. यंदा जुलैपासून त्याचा शिमगाच चालू आहे. बाबा मात्र रोज सकाळी तेच म्हणतात, “आज लागणार बघ.” तो पुन्हा मान खाली घालून परत फिरतो आणि बाबा त्याच्याच वतीने कारणं सांगतात. डोळ्यांवर ऊन येत असेल, मनगट दुखत असेल, घरी काहीतरी झालं असेल. फोनवर तुम्ही बापलेक त्याच्यावर तासभर बोलता. असे फलंदाज ठेवावेत की काढावेत, सबंध वर्षाची सरासरी बघावी की आजचा हात. मी मधे एकदा म्हटलं होतं की बॅट रुसते, ग्लोव्ह रुसत नाही, तेव्हा आधी क्षेत्ररक्षण बघा. तुम्ही दोघंही हसला होतात. ताई शॉर्टस्टॉप होती ना शाळेत, ती असंच म्हणणार, असं तू म्हणालास.

होते खरी, दुसऱ्या-तिसऱ्या तळाच्या मधे उभी राहून चेंडू अडवणारी. तिथे उभं राहायला मी शाळेत शिकले नाही, आपल्या ब्लॉकसमोरच्या हिरवळीवर शिकले. तुला आठवतं का? बाबा सुट्टीवर आले होते आणि बाल्टिमोरहून एक बॅट आणि एकच ग्लोव्ह घेऊन आले होते. बॅट तुझ्या हातात गेली, तू लहान म्हणून. ग्लोव्ह माझ्या, मी मोठी म्हणून. तू फिरवत राहायचास, चेंडू गटाराकडे, जिन्याकडे, म्हातारे बसायचे त्या बाकांखाली, आणि मी धावत. एके संध्याकाळी तुझा एक फटका सगळ्यांच्या डोक्यावरून कारपार्कात गेला आणि कुठल्याशा गाडीची काच फुटली. बाबांनी नुकसान भरून दिलं आणि वर तुला आइस्क्रीम. त्या काचेची गोष्ट आपल्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकली आहे. तुझ्या नीताने तर लग्नाच्या आधी ऐकली. मला ती गोष्ट आवडते रे, खोटं नाही सांगत. त्या संध्याकाळी मी काय काय अडवलं ते मात्र मलाही आठवत नाही. अडवलेल्या चेंडूची गोष्ट होत नाही, कारण काही झालेलंच नसतं.

तसंच मी अजून अडवते आहे. तू एखादा महिना रोज फोन करतोस, बाबांशी, शेजारच्या मॅडम लिमशीसुद्धा बोलतोस, लेकीला, इराला, व्हिडिओवर आणून गाणं म्हणायला लावतोस. बाबांचं वजन वाढतं त्या महिन्यात. मग तू गप्प होतोस. तुझी नोकरी मला कळते, तुझा स्वभावही कळतो, मुद्दाम करत नाहीस हेही कळतं. पण गप्प तू होतोस आणि इथे उत्तरं मी देते. विकूचा मेसेज होता, तुम्ही झोपला होतात. विकूने विचारलं तुमच्या बीपीचं. त्यांच्या वाढदिवसाला तुझ्या नावाने आलेलं ते राखाडी स्वेटर तू पाठवलेलं नव्हतंस, हे तुला माहीत आहे. तू त्याबद्दल काहीच बोलला नाहीस, मीही नाही. इतक्या उकाड्यात ते स्वेटर त्यांनी एसी लावून घातलं होतं.

ऑक्टोबरचं म्हणशील तर तयारी झाली आहे. शेवटच्या मालिकेचे सामने शेजारी बसून बघू, असं तू मे महिन्यात म्हणालास, आणि बाबांनी ते गाठीशी बांधून ठेवलं. तुझ्यासाठी घडीची कॉट आणायला लावली. टीव्ही भिंतीकडे सरकवला, दोन खुर्च्या नीट मावाव्यात म्हणून. गंमत अशी की दुसरी खुर्ची ठेवायला माझं टेबल आत न्यावं लागलं, आता मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून मीटिंगा करते. खालच्या कॉफी शॉपमधल्या आंटीलाही त्यांनी सांगून ठेवलंय. ती रोज विचारते, “अंकल, युअर सन कमिंग ऑर नॉट?” आणि बाबा ऐटीत म्हणतात, “कमिंग, कमिंग. ऑक्टोबर लाह!” आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून इथल्या लोकांचं ते ‘लाह’ ऐकलं. मी तिथे कॉफीचा कप धरून उभी होते आणि तुझा मेसेज माझ्या पर्समध्ये होता.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती एप्रिलपासून मनात आहे. बाबा बाथरूममध्ये पडले तो दिवस. मी तुला फोनवर सांगितलं आणि तू सगळ्यांत आधी विचारलंस, “ताई, तू घरात असताना ते पडले कसे?” तू काळजीने विचारलंस, मला ठाऊक आहे. तर कसे पडले ते ऐक. त्यांची चप्पल घसरल्याचा आवाज झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. धावले. पोचलेसुद्धा. त्यांचा दंड माझ्या हातात आला होता, विकू. पण त्यांचं वजन मला पेललं नाही आणि आम्ही दोघंही खाली आलो. त्यांचं मनगट मोडलं आणि माझा खांदा तेव्हापासून असा आहे. खांद्याचं मी तुला सांगितलं नाही, कारण तू विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. त्या दिवशी मी ऑफिसला गेलेली असते तर हा प्रश्न मला कुणीच विचारला नसता. सगळे म्हणाले असते, काय करणार, घरात कुणी नव्हतं.

गेल्या आठवड्यातला सामना तू बघितलास की नाही माहीत नाही. आपला शॉर्टस्टॉप, बाबा ज्याला ‘कारकून’ म्हणतात, रोज वेळेवर येतो, खाली मान घालून काम करतो म्हणून. एक चेंडू उंच उडाला, पार डाव्या बाजूला, आणि तिथे कुणीच नव्हतं. कारकून कुठून कुठे धावत गेला, चेंडूच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला, आणि चेंडू ग्लोव्हमध्ये पडून बाहेर आला. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर लोक चार शिव्या देतात आणि विसरतात, स्कोअरकार्डात त्याची कुठे नोंद नसते. इथे मात्र धावांच्या शेजारी, सगळ्या स्टेडियमला दिसेल असा, एररचा, म्हणजे चुकांचा, आकडा लावतात. तो लागला. बाबा इतके चिडले की त्यांचा चहा सांडला. म्हणाले, हा काय न्याय झाला? पोचला म्हणून एरर! दुसरा एखादा आळशी जागचा हललाच नसता, चेंडू जमिनीवर पडला असता, तर तो समोरच्याचा हिट धरला असता आणि ह्याचं नाव स्वच्छ राहिलं असतं. जो पोचतो त्याच्याच हातून चूक होते, जो पोचतच नाही त्याच्या हातून कशी होणार?

मी तेव्हा खाली बसून त्यांच्या पायांत मोजे चढवत होते. मान वर करता येईना. मला वाटलं, बाबा, हे तुम्हाला बाल्टिमोरच्या त्या पोराबद्दल एवढं लख्ख दिसतं? मग एप्रिलमध्ये तुमचा मुलगा तुमच्यासमोर स्पीकरवर मला तो प्रश्न विचारत होता, तेव्हा तुम्ही भिंतीकडे का बघत होतात? राग आला, आणि रागाची मला लगेच लाजही वाटली. एवढ्या म्हाताऱ्या माणसावर काय रागवायचं. थोड्या वेळाने ते म्हणाले, “त्याला एक दिवस बसवायला पाहिजे. दमलाय तो. खांदे बघ कसे पडलेत.” नजर टीव्हीवरच होती. हात मात्र माझ्या डोक्यावर येऊन थांबला होता, आधारासाठी ठेवतात तसा. मी दुसरा मोजा चढवून उठले आणि फरशीवरचा चहा पुसला.

मी दमले आहे, विकू. तुझ्यावर चिडून लिहीत नाहीये, चिडायलाही अंगात जोर लागतो. मेसेज आला तेव्हा सवयीने मी लगेच वाक्यं जुळवायला लागले. विकूची तब्येत बरी नाही म्हणू का? विमानाचं तिकीट मिळत नाही म्हणू? इराची परीक्षा? भाजी चिरता चिरता तीन कारणं तयारही झाली, एकापेक्षा एक सरस. आणि मग मला एकदम वाटलं, हा चेंडू माझा नाहीच.

म्हणून हे पत्र. मी बाबांना सांगणार नाही. उद्या रविवार, सकाळी सातला सामना आहे, म्हणजे तुझी शनिवारची संध्याकाळ. मी फोन चार्ज करून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवीन आणि खाली उतरून सेम्बावांग पार्कात समुद्राकडे तोंड करून बसेन. सामना संपेपर्यंत वर येणार नाही. तू फोन कर आणि येत नाहीस हे त्यांना तुझ्या तोंडाने सांग. फोन आला नाही आणि त्यांनी मला विचारलं, तर मी म्हणेन, मला माहीत नाही, विकूला विचारा. एवढंच. तुला सांगताना फार जड जाईल, कदाचित तू अडखळशील, ते रडतील, तूही रडशील, सगळा विचका होईल. होऊ दे. तुझ्या हातून सुटलं तर बाबा तुला बोल लावणार नाहीत, त्यांचा नियम तुला आता माहीत आहे. चूक झाली तर तुझ्या नावावर लागेल, लागू दे रे एकदा. पण तू पोच.

तुझीच,
अरुणाताई