वल्ह्यावरचं माणूस

प्रिय ताई,

भाषेचा अभ्यास करणाऱ्या एक बाई बेटावर आल्या आहेत. आपली बोली बोलणारी जेमतेम साठ माणसं उरलीत, म्हणून त्या घरोघरी जाऊन शब्द टिपून घेतात. काल बाबांकडे आल्या. बाबा होडीच्या फटी बुजवत होते. कामात कोणी बोललेलं त्यांना खपत नाही, पण काल स्वारी खुलली. वारा पडल्यावरही पाणी थोडा वेळ हलत राहतं, त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, हे मला कालच कळलं.

मग बाईंनी विचारलं, "बेट सोडून गेलेल्याला काय म्हणता?"

फटींत भरायचं सूत वळता वळता माझा हात थांबला. बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून तू गेलीस, त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी तुझा विषय काढलेला नाही.

"दोन शब्द आहेत," बाबा म्हणाले. "कायमचा गेला तो 'उतरला'. परत यायचा आहे तो 'वल्ह्यावर'. त्याची होडीतली जागा दुसऱ्याला देत नाहीत."

बाईंनी उदाहरण मागितलं.

"माझी थोरली वल्ह्यावर आहे," बाबा खाली बघूनच म्हणाले.

हे तुला कळवायला बसले खरी, पण पत्र टाकणार नाही. आत्ताच बाबांनी तुझा फोन नंबर मागितला. म्हणाले, "बाईंना एक शब्द बहुतेक चुकीचा सांगितला. थोरलीला विचारून घेतो."

कुठला शब्द, याची मला फार उत्सुकता आहे. पण काही न विचारता मी नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिला.

तुझी,
धाकटी