दाजींच्या शवपेटीचा पत्ता

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (एवढा वाकलोय म्हणजे काहीतरी उपद्व्याप केलाय, हे तू ओळखलंच असशील.) लेक आणि नात सुखरूप आहेत ना? नात दिवसभर झोपते आणि अंधार पडला की डोळे उघडते म्हणालीस, म्हणजे तिला आमच्या खेळात घ्यायला हरकत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे दाजी सोडून, आणि दाजी मजेत नाहीत याला कारण मी आहे. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस.

आमच्या रविवार दुपारच्या खेळाला तू आजवर ‘चार घोड्यांची भुताटकी’ म्हणत आलीस, ते ठीक आहे, पण आज नियम समजून घ्यावे लागतील, नाहीतर माझा गुन्हा तुला कळायचा नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, कवळ्यांचे साचे बाजूला सारायचे आणि टेबलाभोवती चौघांनी बसायचं. रिटायर हेडमास्तर खेळ चालवतात. शहर कसं आहे, दारावर कोण आलंय हे ते सांगतात आणि फासे पडतील तसं आमचं नशीब ठरवतात. मी आणि दाजी व्हॅम्पायर. औषधाच्या दुकानवाल्या बाई शिकारी, म्हणजे आम्हाला मारायला टपलेल्या. (सहा दिवस लोकांना बरं करायचं म्हटल्यावर सातव्या दिवशी कुणाला तरी मारावंसं वाटणारच.) दाजींचा व्हॅम्पायर तीनशे वर्षांचा, सहा वर्षं ते तोच एक खेळताहेत, आणि त्याने अजून एकदाही परवानगी घेतल्याशिवाय कुणाचं रक्त प्यायलेलं नाही. नाही म्हटलं की तो ‘बरं, राहू दे’ म्हणून घरी जातो. हेडमास्तर कपाळाला हात लावतात.

आता मुख्य नियम. व्हॅम्पायर दिवसा शवपेटीत झोपतो. ती पेटी कुठे ठेवलीय ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी बंद करायची आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे त्याच्याकडे सांभाळायला द्यायची. चिठ्ठी शिकाऱ्याच्या हाती लागली की खेळ खलास. दाजी आपल्या चिठ्ठीवर कवळीचं गुलाबी मेण ओततात, वर अंगठा दाबतात आणि ती माझ्याकडे देतात. सहा वर्षं ती माझ्याच खिशात होती. तू समजलीस पुढे काय झालं ते, पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे.

मागच्या महिन्यात एक ट्रम्पेट वाजवणारे गृहस्थ कवळी न्यायला आले. मी ती त्यांच्या हातात देणार एवढ्यात दाजींनी माझ्या हातून घेतली, दोनदा घासली आणि त्या माणसादेखत म्हणाले, “याचा हात अजून बसायचाय.” ताई, बावीस वर्षं मी हे काम करतोय. माझे स्वतःचे तीन दात या धंद्यात पडले. तो माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू मी काल दुपारीच कामाला लागलोय. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिथल्या तिथे मिटलं असतं, पण आपल्या घरात तोंडावर बोलायची पद्धत नाही, आपण आतल्या आत धुमसतो आणि मग भलत्याच जागी पेटतो. तर गेल्या रविवारी बाई मला हळूच म्हणाल्या, दाजींची चिठ्ठी द्या, तुम्हाला अख्ख्या शहराचा अधिपती करते. आणि मी दिली. मेणासकट, जशीच्या तशी. उघडून बघितली नाही, दुसऱ्याचं खासगी वाचणं बरं नव्हे. (हस, हस.)

बाईंनी नखाने मेण उचकटलं आणि मोठ्याने वाचलं: “मेहुण्याच्या घरी, तळघरात, त्याच्याच पेटीशेजारी.”

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. दाजी माझ्याच घरात झोपत होते, ताई, सहा वर्षं, आणि मी शिकाऱ्याला माझ्याच घराचा पत्ता दिला होता. बाई म्हणाल्या, “मग काय, दोघंही एकदमच,” आणि घराला आग लावली. (खेळातल्या.) हेडमास्तरांनी वहीत बघून सांगितलं की तळघरातून एक भुयार आहे, त्यातून एकालाच बाहेर पडता येईल, दुसरा जळणार. कुणी जगायचं हे ज्याची चिठ्ठी फुटली त्याने ठरवायचं, लिहून बंद करून द्यायचं. पुढचा डाव पंधरा दिवसांनी, कारण हेडमास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दाजी उठले. मला वाटलं आता चार शब्द ऐकवतील, ऐकवले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “मला वाटलं, तुझ्या घरी मला कोण शोधायला येणार.” मग शटर वर करून निघून गेले.

तेव्हापासून दुकानात आम्ही पाठीला पाठ लावून बसतो आणि मधे फक्त घासायच्या मशीनचा आवाज. काही सांगायचं झालं तर दाजी प्लास्टरच्या साच्यावर पेन्सिलीने लिहितात: ‘खालचा डावा, कमी कर.’ मी कमी करतो आणि ‘केला’ असं लिहितो. तू लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून ते रोज आमच्याकडे जेवायला येत होते, तेही बंद. दुकानातच उभ्याने ब्रेड खातात. हिने दोनदा डबा पाठवला, दोन्ही वेळा डबा स्वच्छ धुऊन परत आला, पण ‘छान झालं होतं’ एवढाही निरोप नाही. मी मनाशी म्हणत होतो, एवढं काय, खेळ तर आहे. पण नुसता खेळ होता तर चिठ्ठी देताना मी दाजींकडे का बघितलं नाही?

गुरुवारी कहर झाला. नाटकात काम करणाऱ्या एक वयस्कर बाई कवळी घ्यायला आल्या. ती मी बनवली होती, आणि माझं चित्त थाऱ्यावर नसल्यामुळे वरचे दोन सुळे चांगलेच लांब झाले होते. बाईंनी ती घातली, आरशात पाहिलं आणि आरसा उलटा ठेवला. “हे कुणी केलंय?” असं त्यांनी विचारलं. दाजींना फक्त माझ्याकडे बोट दाखवायचं होतं, आणि त्यांनी दाखवलं असतं तर मी त्यांना दोषही दिला नसता. दाजी म्हणाले, “आमच्या हातून चूक झाली, बसा, अर्ध्या तासात देतो.” आमच्या. मग कवळी माझ्यापुढे ठेवली आणि मला त्या बाईंदेखत दुरुस्त करू दिली. मी खाली मान घालून घासत होतो ते सुळे दिसत नव्हते म्हणून नव्हे, डोळे भरले होते म्हणून.

बाई गेल्या आणि दाजींनी माझ्या टेबलावर नवी चिठ्ठी ठेवली. गुलाबी मेण, अंगठ्याचा ठसा. कुणी जगायचं ते तिच्यात आहे. सांभाळायला मलाच दिलीय, ताई. औषधवाल्या बाईंचे तीन फोन येऊन गेले: आत कुणाचं नाव आहे तेवढं कळवा, तुमचं असेल तर भुयाराच्या तोंडाशी माणसं ठेवत नाही. मी तिन्ही वेळा खोकल्याचं औषध मागून फोन ठेवला.

नातीला माझा पापा दे, लेकीला उन्हात बसायला सांग, आणि तू गुडघा शेकत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. दाजी रोज तुला फोन करतात. सहज विषय काढ आणि चिठ्ठीत कुणाचं नाव लिहिलंय ते काढून घे. तुला ते सांगतील. खोटं कशाला बोलू, एवढ्यासाठीच हे चार पानी पत्र.

ता. क. २. विचारू नकोस. पाकीट बंद करणार होतो तेवढ्यात दाजी जेवायला आले. दोनदा भात मागून घेतला. मी न राहवून चिठ्ठी काढली आणि म्हणालो, “दाजी, ठसा बघून घ्या, हात लावलेला नाही.” ते म्हणाले, “तो ठसा हुबेहूब पुन्हा उठवायला तुला दहा मिनिटं लागतात. मीच शिकवलंय तुला. ठेव खिशात.” आणि ताक मागितलं. ताई, मी ती उघडलेली नाही. हे तुला सांगतोय, कारण त्यांनी विचारलंच नाही.