हेमंताची कविता कुणाची
बहरमपूर, रविवार

पूज्य दिदी,

धाकट्या विभूचा साष्टांग प्रणाम. तुझा गुडघा कसा आहे? शिलचरच्या दमट हवेत तो कुरकुरतच असणार. जावईबापूंना आशीर्वाद सांग. मी ठणठणीत आहे. फक्त कवी झालो आहे.

हसू नकोस. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला ऋतूंवर थोडाफार हक्क असतोच. मुलांसाठी सहा ऋतूंच्या सहा कविता लिहिल्या, छापल्या, आणि गेल्या मंगळवारी इथल्या मुलींच्या शाळेत वाचायला गेलो (धुतलेलं धोतर, वर शाल, आणि घसा बसू नये म्हणून खिशात खडीसाखर). उन्हाळा वाचला, मुली गप्प. पाऊस वाचला, एकीनं जांभई दिली. शरद वाचताना बाईंनीच घड्याळ पाहिलं. तेवढ्यात तिसरीतली टुकटुकी नावाची एक चिमुरडी उठली. म्हणाली, "दादू, उन्हाळ्यात पाणी प्या, पावसात छत्री घ्या... आता थंडीत माकडटोपी घालायला सांगणार ना?" दिदी, शिशिराच्या पानावर माकडटोपीच होती! चित्रासकट.

मी घाईघाईनं हेमंताकडे वळलो. हल्ली हेमंत कुणाच्या लक्षातच राहत नाही; शरद संपतो नि थेट स्वेटर निघतात. पण मी वाचलं, "धुक्याला लागली भूक, त्यानं गिळलं पलीकडचं गाव, ऊन आलं दटावत, तसं ओकलं एकेक घर," आणि वर्ग खदखदून हसला. "पुन्हा, पुन्हा!" तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा त्याच म्हणू लागल्या. टुकटुकीनं विचारलं, "ही लिहिली तेव्हा तुम्ही केवढे होता?" मी म्हणालो, "अकरा वर्षांचा." टाळ्या पडल्या. त्या रिक्षात बसेपर्यंत कानात होत्या. घरी जेवण मात्र गेलं नाही.

प्रकृतीला जप.

तुझा
विभू

ता. क. ओळी तू ओळखल्याच असशील. तुझ्या वहीचं ते पान माझ्या नकाशांच्या पुस्तकात इतकी वर्षं होतं. विचारायला हवं होतं. पण तू नको म्हणशील, ही भीती होती.

ता. क. २. परवा शाळेत जाऊन खरं सांगून आलो. म्हटलं, कविता माझ्या दिदीची, अकरा वर्षंही तिचीच. टुकटुकी एवढंच म्हणाली, "तरीच!"

ता. क. ३. मुलींना तुझ्या आणखी कविता हव्या आहेत. दिदीनं एकच लिहिली, असं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मग लिहायचं का थांबल्या?" मी खडू शोधायचं नाटक केलं. उत्तर मला ठाऊक आहे. त्या दुपारी भरल्या पंगतीत ती वही उघडून, नाक दाबून तुझ्या ओळी म्हणणारा मीच होतो. बाबा हसले, काका हसले, आणि तू पानावरून उठलीस. त्यानंतर तुझी वही कुणी पाहिली नाही. दिदी, माघात शाळेत पुन्हा बोलावलं आहे. ये. मी मागच्या बाकावर बसेन. ऐकायला.