ओट्याचं रीडिंग

२ जून, सोमवार
यंत्र तयार! फायबरच्या टोकाला टर्बियम मिसळलेली मोहरीएवढी काच. रेडिएशन पडलं की ती हिरवी चमकते. ऑप्टिकल फायबर तो उजेड डब्यापर्यंत आणतो, डबा आकडा दाखवतो. कॅन्सरच्या पेशंटला नेमका किती डोस मिळाला ते कळणार.
ज्युनियर चेतनाचं म्हणणं, जोडावर काळं आवरण नाही, बाहेरचा उजेड आत शिरेल, सर, गुरुवारपर्यंत थांबू या. आजच्या पिढीत कॉन्फिडन्सच नाही.
संकल्प: तिचं ऐकून घ्यायचं. करायचं आपलंच.

४ जून, बुधवार
यंत्र घरी आणलं. परवानगी मागितली नाही. साहेबांचा वेळ कशाला घ्या! दिल्ली मेट्रोत मांडीवर धरून मयूर विहारपर्यंत, घरी.
आमच्या ओट्यावर रीडिंग बारा. (वरचा बल्ब अगदीच मिणमिणता. नीला कधीची बदला म्हणतेय.)
तेवढ्यात शेजारच्या शालिनीताई नीलाचा डबा परत द्यायला आल्या. आत शंकरपाळे. त्या डबा रिकामा कधीच देत नाहीत. काही नसलं तर चमचाभर साखर तरी.
सहज त्यांच्या ओट्यावर मोजलं. नवी एलईडी ट्यूब, लख्ख उजेड, आकडा स्पष्ट: तीनशे चाळीस!!

५ जून
त्यांचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइटमध्ये थोडं रेडिएशन असतंच. त्यांच्या यजमानांनी, अण्णासाहेबांनी, स्वतः राजस्थानात जाऊन निवडलेला. ते रोज सकाळी त्याला टेकून दोघांचा चहा करायचे. दोन वर्षांपूर्वी गेले, कॅन्सरने.
शालिनीताईंनी विचारलं, जयंतराव, त्या दगडामुळेच का हो? मी फक्त मान हलवली. जरा जास्तच हलली.

७ जून, शनिवार
सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो. सेक्रेटरी म्हणाले, साइंटिस्ट साहब, बिल्कुल टाइम पे बताया.
शालिनीताईंनी पुन्हा विचारलं, नक्की ना? म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही.

१० जून
सकाळपासून हातोडे. ओटा गेला. ताई अडुसष्टाव्या वर्षी जमिनीवर शेगडी ठेवून पोळ्या करतायत, गुडघे धरून उठतायत. नीला माझ्याशी बोलत नाही. विज्ञानाला त्याग लागतो.

१२ जून, रात्री ८
ओटा गेल्यावरचं रीडिंग घ्यायला गेलो. तीनशे बावन्न. वाढलं! भिंतींनी शोषलं असणार.
८.१०: लाइट गेली. यंत्र बॅटरीवर, तरी शून्य. लाइट आली, पुन्हा तीनशे बावन्न. रेडिएशनलाही वीज लागत असावी. (खोडायचं आहे.)
८.३०: चेतनाला फोन केला. तिने एवढंच सांगितलं, सर, ट्यूब बंद करून बघा. बंद केली. शून्य. मग हळूच म्हणाली, हे हॉस्पिटलच्या मशीनसाठी आहे. दगडातलं रेडिएशन असलं तरी इतकं कमी, की याला दिसणारच नाही.
मी आठ दिवस ट्यूबलाइट मोजत होतो.

१३ जून
उद्या सांगायचं. नक्की.

१४ जून
शनिवारी वाईट बातमी देऊ नये. शिवाय ताईंनी माझ्यासाठी अळूवड्या पाठवल्या. जमिनीवर बसून तळलेल्या. मी सहा खाल्ल्या. स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

१५ जून, रविवार
नीला म्हणाली, तुम्ही सांगता की मी सांगू? डब्यात शिरा भरून हातात दिला.
सांगितलं. सगळं. त्या मान हलवण्याचंही.
ताईंनी एकच विचारलं, म्हणजे यांचं आजारपण ओट्यामुळे नव्हतं? म्हटलं, नाही. त्यांनी शेगडी बंद केली. मग म्हणाल्या, दहा दिवस मी यांच्यावर चिडले होते. हौसेने मरण घरात आणलंत म्हणून यांच्या फोटोशी भांडले.
नवीन ओटा घालून देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, तो यांनी निवडला होता.

१६ जून
ऑफिसात यंत्र परत ठेवलं. साहेबांना लेखी कळवलं. चेतना जोडावर काळं आवरण चढवत होती. तिने मान वर केली नाही, हे तिचे उपकार.

१८ जून, बुधवार
शालिनीताई डबा देऊन गेल्या. दारातूनच. घासून, पुसून, लखलखीत.
नीला म्हणाली, विसरल्या असतील.
मी झाकण काढून दोनदा पाहिलं. साखरेचा दाणाही नव्हता.