सही चुकली तरी

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम आलंय आणि मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. कुणी वाचायची नाही. मीसुद्धा निवृत्तीनंतरच.

काम बँकेचं. आपल्याच भागातली, गल्लीबोळात छोट्या शाखा असलेली बँक. मार्केटिंगच्या मॅडम स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, मोठ्या बँका ॲप देतात, आम्ही माणसं देतो, एवढंच लोकांपर्यंत पोचवा. बॉसने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, हे काम तुझंच. एजन्सीत कॉपीरायटर मी एकटाच आहे हे खरं, पण बघण्याबघण्यात फरक असतो.

निश्चय: पहाटे पाचला उठून लिहिणे. चहा दिवसाला दोनच.

४ जून, मंगळवार
पावणेआठला उठलो. अलार्म वाजला होता म्हणे. ही म्हणाली, तूच बंद केलास आणि वर मला दटावलंस. शक्य आहे. आतल्या आत मन कामाला लागलं की शरीराला झोप लागतेच.

'नातं विश्वासाचं' अशी हेडलाइन काढली. गप्प्या म्हणाला, ही आपण प्रेशर कुकरला वापरली होती. गप्प्या म्हणजे आमचा आर्ट डायरेक्टर. दिवसाला तीन-चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक असं वाया घालवतो.

चहा सहा. उद्यापासून दोन.

७ जून, शुक्रवार
काही सुचत नाही, असं एखादा सामान्य माणूस म्हणाला असता. मी म्हणेन, साहित्य गोळा होतंय.

दुपारी एकदम डोक्यात प्रकाश पडला. ताई! माझी सख्खी ताई त्याच बँकेत आहे. तिच्या घरामागच्या शाखेत, काउंटरवर, माझं लग्न व्हायच्या आधीपासून. तिच्याकडे गोष्टींची खाण असणार. ती बँकेत आहे हे मॅडमना सांगितलेलं नाही. वशिला लावल्यासारखं दिसलं असतं. मी तत्त्वाचा माणूस.

९ जून, रविवार
ताईकडे गेलो. सहा महिन्यांनी गेलो असं ती म्हणाली, मला तितके वाटत नाहीत. भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली आहे, बोलणं फक्त ताईला कळतं. ती दुपारच्या सुट्टीत धावत घरी येते, त्यांना भरवते, तोंड पुसते आणि परत काउंटरवर. शाखा मागच्याच गल्लीत आहे म्हणून जमतं, म्हणाली. मी मनात टिपून घेतलं.

मग तिने ती गोष्ट सांगितली. एक म्हातारे बसड्रायव्हर पेन्शन काढायला येतात. हात थरथरतो, सही दर वेळी वेगळी. नियमाने अंगठा घ्यायला हवा, साक्षीदार हवा. पण अंगठा म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. आयुष्यभर ड्यूटीच्या वहीत सही केली, आता निरक्षरात काढता का, असं एकदा म्हणाले होते. तर ताई त्यांना आत खुर्चीवर बसवते. पाण्याचा ग्लास देते. हात जरा शांत झाला की दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सही करायला लावते आणि जी त्यातल्या त्यात जुळेल ती पास करते. म्हणाली, "माणूस समोर बसलाय, मी त्याला वीस वर्षं ओळखते, सहीला काय विचारायचं?"

माझ्या अंगावर काटा आला. हीच ती जाहिरात!

निघताना दारात म्हणाली, "हे कुठे बोलू नकोस हं. नियमात बसत नाही."
मी म्हणालो, "वेडी आहेस का?"

१० जून, सोमवार
'सही चुकली तरी चेहरा चुकत नाही.'

सकाळी दाढी करताना सुचली. गाल कापला, पण हेडलाइन हाती लागली. खाली मोठी कॉपी: म्हाताऱ्या बसड्रायव्हरचा थरथरता हात, पाण्याचा ग्लास, काउंटरमागची बाई. दुपारी घरी धावत जाऊन आजारी नवऱ्याला भरवून परत येणारी, तरी कुणावर न खेकसणारी. इतकं छान लिहिलंय की मलाच दोनदा भरून आलं.

गप्प्याने वाचलं. कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, ताईंना विचारलंस? मी म्हणालो, नाव कुठे घातलंय? तो म्हणाला, तरी. 'तरी' हा काही मुद्दा नव्हे.

हिला रात्री वाचून दाखवलं. हिनेही तेच विचारलं. दोघांचं आधी बोलणं झालेलं असणार.

१४ जून, शुक्रवार
आजचा दिवस सोनेरी अक्षरांत लिहायला हवा. निळं पेन आहे.

बँकेच्या मुख्य कचेरीत प्रेझेंटेशन. लांबलचक टेबल, मॅडम आणि मधोमध जनरल मॅनेजरसाहेब. मी उभं राहून कॉपी वाचली. पाण्याच्या ग्लासापाशी थांबलो. (हे थांबणं आरशासमोर बसवलेलं होतं.) मॅडमनी डोळे टिपले. साहेब पुढे झुकले आणि म्हणाले, फारच जिवंत आहे हो, हे खरं घडलेलं आहे का?

आता इथे दुसरा कुणी असता तर 'कल्पना आहे' म्हणून मोकळा झाला असता. पण मी अस्सल माणूस. म्हणालो, शब्द न् शब्द खरा आहे, तुमच्याच शाखेतला. साहेब म्हणाले, अरे वा, कुठल्या? मी शाखा सांगितली. वर हेही सांगितलं की ती बाई माझी सख्खी थोरली बहीण. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंगावर मूठभर मांस चढलं.

टेबलाखालून गप्प्याची लाथ बसली. त्याचे पाय फार लांब आहेत.

साहेबांनी स्वतः शाखेचं नाव लिहून घेतलं. ताईला बक्षीस वगैरे मिळणार असं दिसतंय. तिला आत्ताच सांगत नाही. परस्पर कळू दे.

१९ जून, बुधवार
ताईचा फोन. शाखेत तपासणी आलीये. जुन्या स्लिपा काढून सह्या जुळवतायत. थेट बसड्रायव्हरचंच खातं मागितलं त्यांनी. ताई म्हणाली, "तू कुठे काही बोललास का रे?"

मी म्हणालो, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. खरंच आहे. ड्रायव्हरचं नाव मला माहीतही नाही.

नंतर दुपारचा वडा अर्धाच टाकून उठलो. तेलकट होता.

२१ जून, शुक्रवार
केसाने गळा कापला! दुसरा शब्द नाही.

मॅडमचा फोन. जाहिरात मंजूर आहे, मात्र 'थोडा बदल'. नियमपालन विभागाचं म्हणणं, 'सही चुकली तरी' असं बँकेने छापणं म्हणजे चोरांना आमंत्रण. नवी हेडलाइन त्यांनीच केली: 'आम्ही तुम्हाला ओळखतो.' आणि तळाशी बारीक अक्षरांत: 'व्यवहारासाठी ओळखपत्र सोबत आणणे आवश्यक.'

मी अर्धा तास वाद घातला. विरामचिन्हावरून सुरुवात करून मानवतेपर्यंत गेलो. फोन ठेवताना आठवण झाली म्हणून ताईचं विचारलं. त्यांच्या आवाजातला ओलावा एकदम आटला. म्हणाल्या, तो स्टाफ विभागाचा विषय आहे. डोळे टिपणारी हीच ती बाई!

बॉसकडे गेलो. त्याने हात वर केले. क्लायंट खूश आहे ना, म्हणाला, मग झालं तर.

निश्चय: राजीनामा.

२४ जून, सोमवार
राजीनामा लिहिला. शेवटचा परिच्छेद तर अप्रतिम उतरलाय. सकाळी घेऊन गेलो तर बॉस बाहेर. दुपारी आला तो गाद्यांचं काम घेऊन. गादीवर आजवर कुणी गंभीरपणे लिहिलेलं नाही. राजीनामा ड्रॉवरमध्ये आहे. चांगला मजकूर वाया जात नाही.

२५ जून, मंगळवार
ताई घरी आली. पहिल्यांदाच न कळवता. भाऊजींपाशी शेजारीण बसवून आली होती, म्हणून चप्पल काढूनही दारातच उभी राहिली.

बदली झालीये. मुख्य कचेरीत, तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. दोन बस बदलून जायचं. तिथे गिऱ्हाईक येत नाही. "दुपारी घरी येण्याचा तर प्रश्नच मिटला," म्हणाली. भाऊजींना कोण भरवणार ते ठरायचंय. ते दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नाहीत, तोंड मिटून बसतात.

मी म्हणालो, हा सरळ सरळ अन्याय आहे, मी त्यांना सोडणार नाही.

ती म्हणाली, "साहेबांनी मला बोलावून तुझी जाहिरात वाचून दाखवली. सगळी. छान लिहिलंयस."
मी म्हणालो, "तुझं कौतुकच केलंय गं त्यात."
"हो. कौतुक ऐकायला मी एकटी उभी होते. बाकीचे सगळे बसले होते."

हिने तिचा हात धरला, आत ये म्हणाली. ताई म्हणाली, नको, ह्यांची औषधाची वेळ झाली. जाताना माझ्याकडे बघितलं, पण जसं बघायला हवं तसं नाही.

ती गेल्यापासून ही माझ्याशी बोलत नाहीये. मी म्हणालो, मलाही फसवलंय त्यांनी, माझीही हेडलाइन गेली. यावर ही जे हसली ते मी इथे लिहू शकत नाही.

गप्प्या, बॉस, मॅडम, आता ही. माणूस संकटात सापडला की आपले कोण ते कळतं. कुणीच नाही.

२८ जून, शुक्रवार
बँकेच्या मुख्य कचेरीवर धडक मारली. बोलायचे मुद्दे पाठ होते. पहिलं वाक्य: 'मी आज लेखक म्हणून नव्हे, भाऊ म्हणून आलोय.' जनरल मॅनेजरसाहेब भेटले नाहीत. मॅडम भेटल्या, लिफ्टपाशी. मी पहिलं वाक्य म्हणणार तोच त्या म्हणाल्या, बरं झालं आलात, मोबाइलवर टाकायला दहा छोट्या पोस्ट हव्यात, अगदी घरगुती भाषेत, ते तुम्हालाच जमतं.

हो म्हणालो. बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत राहून लढणं केव्हाही चांगलं. विश्वास बसला की ताईचा विषय काढणार.

तळघराचा जिना दिसला. ताई सोमवारपासून तिथे बसायची होती, त्यामुळे आज उतरून काही उपयोग नव्हता.

२९ जून, शनिवार
आज संध्याकाळी शाखेत ताईचा निरोप. मला कुणी सांगितलं नव्हतं. ही गेली म्हणून कळलं. ही गेल्यावर मीही मागून गेलो. एवढं सगळं होऊनही तिच्यासाठी उभा राहणारा भाऊ आहे हे लोकांना दिसायला हवं, असं मनात होतं.

छोटी शाखा. काउंटर तीनच. भिंतीवर नवं पोस्टर, 'आम्ही तुम्हाला ओळखतो.' गप्प्याने फोटो मात्र सुरेख घेतलाय, कुण्या मॉडेलचा. भाऊजींना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. खातेदार दाटीवाटीने उभे: शिंपी, दूधवाला, शाळेच्या बाई, औषधाच्या दुकानातला. सगळे ताईला एकेरीत हाक मारत होते. ताई रडत नव्हती. लोकच रडत होते, आणि ती त्यांना समजावत होती.

मी पुढे झालो. भाषणाची तयारी होती, छोटंसंच. शिंप्याने विचारलं, हे कोण? ताईने वळून बघितलं. मला वाटलं, आता ती ओळख करून देईल, माझा धाकटा भाऊ, जाहिराती लिहितो. लहानपणी शाळेत सोडायला यायची तेव्हा बाईंना हेच सांगायची, माझा धाकटा भाऊ.

ती म्हणाली, "हे बँकेकडून आलेत. ह्यांना चहा द्या."

अगदी साध्या आवाजात. रागाने नाही. काउंटरवर बोलतात तसं.

ही तिथेच उभी होती. तिनेही दुरुस्त केलं नाही. भाऊजी खुर्चीतून काहीतरी बोलले. ते फक्त ताईला कळलं. ती त्यांना म्हणाली, असू दे.

कुणीतरी कप हातात दिला. मग लोक माझ्याभोवती जमले. शिंप्याचं पासबुक दोन महिने छापून मिळालेलं नाही. शाळेच्या बाईंना नव्या खिडकीची काच फार उंच वाटते. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, हात थरथरत होता. डाव्या हाताचा अंगठा जांभळा. म्हणाले, साहेब, आता मला अंगठा लावायला लावतात, तुमच्या ओळखीत असेल तर त्या बाईंना परत आणा हो, त्यांना आम्ही माहीत आहोत.

मी म्हणालो, बघतो.

काउंटरचे दिवे घालवेपर्यंत मी तिथे उभा होतो. सगळ्यांच्या तक्रारी ऐकून घेतल्या. प्रत्येकाला 'बघतो' म्हणालो. मी तिचा भाऊ आहे, हे कुणालाच सांगितलं नाही.