मुंग्यांच्या संदर्भांची वाटणी

सोमवार, ४ मार्च

चहा निवायच्या आत भांड्यांची वाटणी झाली. कुकर मला, कढई त्याला. पुस्तकं त्याने आधीच खोक्यांत भरून ठेवली होती. सोळा वर्षांचा संसार, आणि भांडायला एक झारासुद्धा नाही!

राहिला विभागातला कॉम्प्युटर. म्हणजे कॉम्प्युटर नाही — त्यावरचं संदर्भांचं सॉफ्टवेअर. मुंग्यांवर आम्ही दोघांनी वाचलेला एकूण एक लेख त्यात आहे. कुणी लिहिला, कुठे छापून आला, आणि खाली आमच्या नोट्स. माझ्या लांबलचक. त्याची प्रत्येक नोट 'पण'ने सुरू होते. लग्नाच्या आधीपासून दोघांत एकच खातं. विद्यार्थी चेष्टा करायचे — सर-मॅडमचं जॉइंट अकाउंट!

"त्याचं काय करायचं?" मी विचारलं.

"वेगळं करू," म्हणाला. कढई कागदात गुंडाळत होता. वर बघितलंही नाही.

मंगळवार, ५ मार्च

फ्यूजला बोलावलं. विभागातले कॉम्प्युटर तोच बघतो. काहीही बिघडलं तरी आधी "फ्यूज गेला असेल" म्हणतो, म्हणून सगळे त्याला फ्यूजच म्हणतात.

मला वाटलं होतं, आता एकेक लेख काढून बसायचं — हा तुझा, हा माझा. फ्यूज हसला. "मॅडम, हे काय पातेलं आहे का? दोन प्रोफाइल करतो. दोघांनाही सगळंच्या सगळं मिळेल. उघडताना विचारेल, कोण म्हणून. आपापलं नाव निवडायचं. मग तुमचं तुमच्याकडे, सरांचं सरांकडे. कुणाचं काही कमी होणार नाही."

कुणाचंच काही कमी होणार नाही! बरं वाटायला हवं होतं.

शुक्रवार, ८ मार्च

सॉफ्टवेअर उघडलं की छोटी चौकट येते. 'सर'. 'मॅडम'. नावं फ्यूजनेच दिली. सकाळी तो बसतो, दुपारनंतर मी. खुर्ची त्याच्या उंचीला असते. रोज खाली घेते.

रविवार, १० मार्च

सासूबाईंचा फोन. "अगं, भांडलात तरी कशावरून, ते तरी कळू दे!"

"भांडलो नाही हो आई."

"मग तर अवघड आहे गं," म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. त्यांची समजूत मलाच काढावी लागली.

मंगळवार, १२ मार्च

खरंच, कशावरून?

माझे बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्याला दुसऱ्या संस्थेत मोठी जागा मिळत होती. स्वतःची प्रयोगशाळा. मी 'जाऊ नकोस' म्हटलं नाही. 'जा'ही म्हटलं नाही. बाबांची कूस बदलत राहिले. त्याने परस्पर नकार कळवून टाकला आणि बाबांना उचलायला माझ्यासोबत उभा राहिला. एका शब्दाने बोलला नाही.

बाबा गेले. मग आमचं बोलायचं राहतच गेलं — आज बोलू, उद्या बोलू. तो मनातल्या मनात मला दोष देतोय असं मी धरून चालले. तो काय धरून चालला, देव जाणे. घरात दोन माणसं, आणि आवाज म्हणाल तर फ्रीजचा.

शुक्रवार, १५ मार्च

एक लेख दिसला. राणी मुंगी मेल्यावर वसाहतीतल्या बाकीच्या मुंग्या किती दिवस काम करत राहतात त्यावर. अगदी माझ्या विषयाचा! हा मी कधी घेतला? आठवेचना. डोकं ठिकाणावर नाही हेच खरं.

दुपारभर वाचला. खाली मोठी नोट लिहिली. फार दिवसांनी कामात जीव रमला.

बुधवार, २० मार्च

त्याची विद्यार्थिनी व्हरांड्यात भेटली. "मॅडम, सर तिकडे गेल्यावर माझा प्रबंध कोण बघणार?"

"तिकडे म्हणजे कुठे?"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला.

तीच संस्था. जागा पुन्हा निघाली, आणि त्याने होकार दिला. विद्यार्थ्यांना सांगितलं. मला नाही! सोळा वर्षं राहिले मी त्याच्यासोबत, आणि मला व्हरांड्यात कळतं!

तशीच जाऊन 'मॅडम' उघडलं. त्याच्या सगळ्या नोट्स शोधून काढल्या आणि पुसल्या. पण, पण, पण — माझ्याकडे कशाला हवेत त्याचे पण? त्याच्याकडे त्याचे आहेतच की. कचऱ्याची पेटीही रिकामी केली. 'नक्की ना?' असं सॉफ्टवेअरने विचारलं. नक्की!

घरी येऊन पोटभर जेवले. हलकं वाटलं.

गुरुवार, २१ मार्च

लिहवत नाही.

शुक्रवार, २२ मार्च

काल सकाळी ती विद्यार्थिनीच धावत आली. "मॅडम, सरांच्या सगळ्या नोट्स गेल्या!"

तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. सॉफ्टवेअर बंद करत होता, उघडत होता. 'सर' निवडायचा, आत बघायचा, परत बंद. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण या नोट्सवरच लिहायचं होतं त्याला. मी दारातच.

फ्यूज आला. या वेळी 'फ्यूज गेला असेल' म्हणाला नाही. बराच वेळ नुसता माउस हलवत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "प्रोफाइल दोन आहेत, पण फोल्डर एकच जोडलाय. इकडे पुसलं की तिकडचंही जातं."

"अरे, तू वेगळं केलंस ना?" माझा आवाज चढला.

त्याने सरांच्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि परत माउस धरला.

नोट्सची एक जुनी प्रत आहे. बाबांच्या आजारपणातली. म्हणजे त्यानंतरचं सगळं गेलं. घरात आम्ही बोलत नव्हतो, त्या दिवसांत तो तिथे लिहीत होता. तेव्हा ते माझ्यासमोर उघडं होतं — मीच वाचायचं सोडून दिलं होतं. आता वाचायला काही उरलं नाही.

सगळ्यांना बाहेर पाठवलं. "मी पुसल्या," मी म्हटलं. "माझ्यातून. तुझ्यातून जातील असं खरंच वाटलं नव्हतं."

"का पुसल्यास?"

"राग आला म्हणून. तू जातोयस ते मला दुसऱ्याकडून कळलं."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "सांगणार होतो. दोनदा दारापर्यंत आलो," म्हणाला. मग म्हणाला, "राग आला, हे बरं झालं. मला वाटलं होतं, तुला आता काहीच वाटत नाही."

विभागप्रमुख फ्यूजवर कडाडले. ज्याच्या नोट्स गेल्या तोच मध्ये पडला — "त्याला काही बोलू नका. मी नीट बघून घ्यायला हवं होतं."

आणि तो राणी मुंगीचा लेख! तो त्याने स्वतःसाठी घेतला असणार, आणि मला दिसला. मला दिसतोय हे त्याला तरी कुठे माहीत!

शनिवार, ३० मार्च

तो गेला. खोकी गाडीत चढवायला मी हात लावला. एक फारच जड होतं.

"सोड, पाठ दुखेल तुझी," म्हणाला.

"जपून जा."

"हं."

गाडी वळेपर्यंत फाटकाशी उभी होते. मागे वळून बघितलं की नाही, दिसलं नाही. काचेवर ऊन होतं.

मंगळवार, २ एप्रिल

फ्यूज 'सर' प्रोफाइल काढून टाकायला आला. खुर्चीत बसला आणि बसूनच राहिला.

"मॅडम, ती माझी चूक नव्हती. सरांनीच सांगितलं होतं. नावं दोन कर, आतलं एकच राहू दे. मॅडमना कळू देऊ नकोस. बोलणं होत नाही, निदान त्या काय वाचतायत ते तरी कळेल — आणि त्यांच्या उपयोगाचं काही सापडलं तर तिथे ठेवता येईल."

"अरे, मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"सरांनी डोळ्यांनीच नको म्हटलं."

फ्यूजला घरी पाठवलं. दार लोटून 'सरां'ना फोन लावला. त्याने उचलला. मला एक शब्द फुटेना. त्यानेही फोन ठेवला नाही.