हललेला चेंडू

आबा, गेल्या महिन्यात तुमच्या त्या लष्करी छावणीत, गोल्फच्या मैदानावर जाऊन आले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आता दुसऱ्या कुणाला विचारू, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

लहानपणापासून एकच ऐकत आले. साहेबांच्या पिशव्या उचलता उचलता तुम्ही गोल्फ शिकलात, त्यावरच पोट भरायला लागलात, दोनदा मोठी स्पर्धा जिंकलीत. मग एकाहत्तरची लढाई लागली, हिरवळीत खंदक खणले, मैदान बंद झालं आणि तुम्ही लोणखेड्याला येऊन केळीत राबायला लागलात. जिंकलेल्या कपात आई लसूण ठेवायची. तो कप दिसला की मला लढाईचा राग यायचा. शहाद्याच्या बसस्टँडवर कुणी विचारलं तरी तुमचं उत्तर ठरलेलं, "लढाईनी मन्हा खेळ खाई टाका."

कापूस निघाल्यावर रिकाम्या वावरात चेंडू घालायला तुम्ही पितळी तांब्या पुरायचात आणि मला खेळायला लावायचात. पोरीला हे काय शिकवतोय म्हणून गाव हसायचं. पण माझा हात चांगला आहे, असं तुम्ही आईला सांगताना मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलंय. त्या वर्षी तुम्ही मला स्पर्धेला नेणार होतात. आदल्या रविवारी पऱ्हाटीच्या खुंटाला अडकलेला चेंडू मी पायाच्या अंगठ्याने जरासा सरकवला. ह्या खेळात पंच मागे फिरत नाही, चेंडू हलला तर आपणच सांगून एक फटका वाढवून घ्यायचा, हे तुम्ही शंभरदा बजावलेलं. तुम्ही विचारलंत, हलला का? मी नाही म्हटलं. तुम्ही ओरडलाही नाहीत. "कोनी देखो का ना देखो, तुले तं माहीत शे ना?" एवढं म्हणून माझ्या हातातली गोल्फची काठी काढून घेतलीत, ती परत कधीच दिली नाहीत. मी बारा वर्षांची होते. आपली लायकीच नाही, असं समजून मी गप्प बसले, आजवर.

छावणीत तुमच्याबरोबर पिशव्या उचलणारे एक आजोबा भेटले. नजर गेलीय, पण तुमची मुलगी म्हटल्यावर माझा हात धरून बसले. मैदान म्हणे एकच हिवाळा बंद होतं. खंदक बुजवल्यावर तुम्हाला निरोप आला, तुम्ही गेलात, स्पर्धा खेळलातही. शेवटच्या दिवशी एका फटक्याने पुढे होतात. उंच गवतात तुमच्या पायाने चेंडू हलला, तुम्ही बोलला नाहीत आणि तो वाढीव फटका न धरताच कार्डावर सही केलीत. सोबतच्या खेळाडूने पाहिलं होतं. तुम्हाला बाद केलं, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही गाडी धरलीत. आजोबा म्हणाले, "तेवढ्याने काय होतंय पोरी, पुढच्या वर्षी घेतलं असतं त्याला. तोच आला नाही."

अहो, चूक कुणाच्या हातून होत नाही? पण तुमच्या चुकीची शिक्षा मी भोगली. तुम्ही लढाईच्या आड लपलात आणि मला मात्र उघड्यावर उभं केलंत. फसवलंत मला, आबा. एकदा चुलीपुढे बसून खरं सांगितलं असतंत, तर मी काठीसुद्धा मागितली नसती.

हे पत्र लसणाच्या कपाखाली ठेवते. काल नातीने तोच कप हातात घेऊन विचारलं, पणजोबांनी खेळ का सोडला? सगळं खरं सांगायचं ठरवूनच मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "लढाई लागनी व्हती, बेटा."